मर्जीविरुद्ध आलेले चित्र

नको असलेले नग्न छायाचित्र मोबाइलवर येऊन पडल्यावर सल्ला घ्यायला येणाऱ्या बाईचा पहिला प्रश्न सहसा कलमाचा नसतो. फोन जमा करावा लागेल का, घरी पोलीस येतील का, आणि तो फोटो आणखी किती जणांसमोर उघडावा लागेल, हे तिला आधी हवे असते. फौजदारी वकिलीत अशा तक्रारी हाताळताना माझे एक मत पक्के होत गेले. या तिन्ही प्रश्नांमागची भीती एकाच गोष्टीतून येते. व्यवस्था तिची तक्रार हातात घेते ती फोटो किती अश्लील आहे हे ठरवण्यासाठी. तक्रारदार मात्र सांगत असते की मला कुणी विचारले नव्हते, मी हो म्हटले नव्हते, तरी मला हे पाहायला लावले. या दोन गोष्टी वरवर सारख्या वाटतात, पण त्यांची कलमे वेगळी, पुरावा वेगळा आणि उलटतपासणीतले प्रश्नही वेगळे. मर्जीवर उभे राहिलेले कलम आपल्या फौजदारी कायद्यात २०१३ पासून आहे, तरीही तक्रार बहुतेक वेळा अश्लीलतेच्या रस्त्यानेच नेली जाते. हा रस्ता बदलल्याशिवाय शिक्षा कितीही वाढवल्या तरी तक्रारदाराच्या पदरात फारसे काही पडणार नाही, असे माझे म्हणणे आहे.

अश्लीलतेचा रस्ता जुना आहे. भारतीय दंड संहितेचे कलम २९२ छापील पुस्तके, चित्रे आणि त्यांची विक्री डोळ्यांसमोर ठेवून घडले. माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० साली आला तेव्हा तीच कल्पना कलम ६७ मधून संगणकावर आली. इलेक्ट्रॉनिक स्वरूपात अश्लील मजकूर प्रसिद्ध किंवा प्रसारित करणाऱ्याला आता पहिल्या गुन्ह्यासाठी ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५ लाखांपर्यंत दंड. पुढे २००८ च्या दुरुस्तीने कलम ६७-अ जोडले आणि ते २७ ऑक्टोबर २००९ पासून लागू झाले. उघड लैंगिक कृती किंवा वर्तन दाखवणाऱ्या मजकुरासाठी ५ वर्षांपर्यंत कैद आणि १० लाखांपर्यंत दंड अशी त्याची तरतूद आहे. या दोन्ही कलमांत मजकूर ज्याच्याकडे पोहोचला त्याच्या मर्जीचा उल्लेख नाही. नुकसान समाजाच्या नीतीचे झाले असे ती धरून चालतात आणि तक्रारदाराला साक्षीदाराच्या जागी बसवतात. त्यामुळे न्यायालयात सगळा वाद फोटोभोवती फिरतो. रणजित उदेशी प्रकरणात १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अश्लीलता ठरवण्याची इंग्लंडमधली जुनी हिक्लिन कसोटी मान्य केली होती. २०१४ मध्ये अवीक सरकार प्रकरणात तीच कसोटी बाजूला ठेवून समकालीन समाजाची मापे पाहावीत असे ठरले. मार्च २०२४ मध्ये एका वेबमालिकेच्या प्रकरणात शिवराळ असणे आणि अश्लील असणे एक नव्हे, असे सांगून न्यायालयाने ६७ आणि ६७-अ खालची कारवाई रद्द केली. कलेच्या आणि अभिव्यक्तीच्या दृष्टीने हे निकाल योग्यच आहेत. मात्र कुणाच्या तरी खासगी संदेशपेटीत ढकललेल्या छायाचित्रासाठी हीच मोजपट्टी वापरली, की आरोपीच्या वकिलाला आयता मुद्दा मिळतो: यात अवयव दिसतो, कृती कुठे दिसते? मग ६७-अ कसे लागेल?

दुसरा रस्ता कामाच्या ठिकाणाहून आला. विशाखा प्रकरणात ऑगस्ट १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लैंगिक छळाची व्याख्या करताना अश्लील साहित्य दाखवण्याचा स्पष्ट समावेश केला. दिल्लीतल्या डिसेंबर २०१२ च्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर न्यायमूर्ती वर्मा समितीचा अहवाल आला, आणि २०१३ च्या दुरुस्तीने दंड संहितेत कलम ३५४-अ दाखल झाले. १ जुलै २०२४ पासून तेच भारतीय न्याय संहितेचे कलम ७५ आहे. स्त्रीच्या मर्जीविरुद्ध तिला अश्लील चित्रण दाखवणाऱ्या पुरुषाला ३ वर्षांपर्यंत सश्रम कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. इथे कायद्याने पहिल्यांदा समाजाच्या नीतीऐवजी त्या बाईकडे पाहिले. याच्या जोडीला दंड संहितेचे जुने ५०९, म्हणजे आताचे कलम ७९ आहे. स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान करण्याच्या हेतूने शब्द, हावभाव किंवा कोणत्याही स्वरूपातली वस्तू तिच्यासमोर आणणे त्यात बसते आणि शिक्षा ३ वर्षांपर्यंत साध्या कैदेची आहे. ही भाषा टपालाच्या काळातली असली तरी न्यायालयांनी ती गोठवून ठेवलेली नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ईमेलमधून केलेली बदनामीकारक शेरेबाजीही ५०९ च्या कक्षेत येऊ शकते असे म्हटले. पाठवणे थांबलेच नाही, नकार दिल्यावरही नव्या नंबरवरून पुन्हा सुरू झाले, तर पाठलागाचे कलम ७८ लागते. दुसऱ्यांदा दोष सिद्ध झाल्यास तिथे शिक्षा ५ वर्षांपर्यंत जाते.

यावर सहकाऱ्यांकडून नेहमी येणारा आक्षेप असा, की कलम ७५ आणि ७९ जामीनपात्र आहेत, ६७-अ अजामीनपात्र आहे, मग धाक असलेले कलम सोडायचे कशाला? सोडावे असे मी म्हणत नाही. जिथे चित्रात लैंगिक कृती आहे तिथे ६७-अ लावलेच पाहिजे. पण धाकाचा हिशेब चुकतो. अर्नेशकुमार निकालानंतर, म्हणजे २०१४ पासून, ७ वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात अटक आपोआप होत नाही. पोलीस बहुधा नोटीस देऊन हजर राहायला सांगतात. म्हणजे अजामीनपात्र कलमामुळे लगेच अटक होईल ही अपेक्षा पुरी होतेच असे नाही, आणि खटल्यात ते एकटे कलम ढासळले की हाती काही उरत नाही. दुसरा आक्षेप कायद्याचा आहे. डिसेंबर २०१६ च्या शरत बाबू दिगुमर्ती निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की इलेक्ट्रॉनिक अश्लीलतेसाठी माहिती तंत्रज्ञान अधिनियम हा विशेष कायदा आहे, त्यामुळे त्याच कृत्यासाठी कलम २९२ चालणार नाही. मग ७५ तरी कसे चालेल? माझ्या मते उत्तर त्या निकालाच्याच तर्कात आहे. २९२ आणि ६७ दोन्ही अश्लीलतेबद्दल बोलतात, म्हणून विशेष कायदा वरचढ ठरला. ७५ चा गाभा अश्लीलता नाही, मर्जीविरुद्ध दाखवणे आहे. घटक वेगळे असतील तर गुन्हेही वेगळेच.

फरक सगळ्यात आधी जाणवतो तो पोलीस ठाण्यात. ठाणे अंमलदारासमोर फोटो उघडून ठेवला की पहिले उत्तर मिळते, ‘सायबरला जा’, किंवा ‘सध्या अर्ज देऊन ठेवा’. याला एक कारण आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या गुन्ह्याचा तपास निरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो. न्याय संहितेच्या ७५ आणि ७९ ला ती अट नाही, दोन्ही दखलपात्र आहेत, आणि गुन्हा कोणत्याही ठाण्यात नोंदवता येतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मुळे हद्दीचे कारण सांगून परत पाठवता येत नाही. इलेक्ट्रॉनिक मार्गाने दिलेल्या फिर्यादीवर ३ दिवसांत सही केली की ती नोंदवली जाते, आणि न्याय संहितेच्या ७४ ते ७९ या कलमांखालची स्त्रीची फिर्याद महिला अधिकाऱ्यानेच लिहून घ्यायची असते. नोंद नाकारली तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार आणि पुढे दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज, हा क्रम ठरलेला आहे. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर केलेली तक्रार राज्याच्या पोलिसांकडे जाते. ती उपयोगी असली तरी तेवढ्याने एफआयआर झाली असे नाही, आणि हे न कळल्यामुळे अनेक जणी महिनोन्‌महिने वाट पाहत राहतात. फिर्याद लिहितानाही क्रम महत्त्वाचा आहे. ‘अश्लील फोटो पाठवून माझा विनयभंग केला’ एवढ्या एका वाक्यात मर्जीचा मुद्दा हरवतो. पाठवणारा कोण, ओळख किती, अशा चित्राची मागणी किंवा संमती कधी दिली होती का, कोणत्या शब्दांत नकार दिला, त्यानंतर पुन्हा काय आले, हे तारीखवार लिहिले की कलम ७५ चे घटक फिर्यादीतच उभे राहतात. फोटोचे वर्णन एका ओळीत भागते.

पुराव्याचा भाग तांत्रिक आहे, पण भीतीचे मूळही तिथेच आहे. जालना विधानसभा निवडणुकीच्या वादातून आलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये स्पष्ट केले, की इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत पुरावा म्हणून द्यायची तर प्रमाणपत्र अनिवार्य आहे. मूळ उपकरणच न्यायालयात हजर करून त्याच्या मालकाने साक्ष दिली तर त्याची गरज नाही. आता नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ ने या प्रमाणपत्राचे दोन भाग केले आहेत: एक नोंद सादर करणाऱ्याचा, दुसरा तज्ज्ञाचा, आणि त्यात नोंदीचे हॅश मूल्य नमूद करायचे असते. याचा अर्थ बाईचा फोन वर्षानुवर्षे मुद्देमालात पडून राहिलाच पाहिजे असा होत नाही. संबंधित संवादाची प्रत पंचांसमोर काढून, हॅश नोंदवून आणि प्रमाणपत्र जोडून फोन परत करता येतो. तशी लेखी विनंती पहिल्याच दिवशी द्यावी. तक्रारदाराने पाळायची पथ्ये मोजकीच आहेत. संवाद पुसायचा नाही, आपोआप नाहीसे होणारे संदेश असतील तर ती सोय बंद करायची, एकदाच दिसणारा फोटो दुसऱ्या फोनने टिपून ठेवायचा, आणि दिसणाऱ्या नावाऐवजी खात्याचा पूर्ण पत्ता किंवा नंबर जपून ठेवायचा. ब्लॉक करायला हरकत नाही, त्याआधी हे सगळे झालेले असावे. पुरावा म्हणून तो फोटो मैत्रिणींना किंवा नातेवाइकांना पुढे पाठवणे मात्र टाळावे. त्याने मूळ नोंद कमकुवत होते, आणि प्रसारित करणाऱ्यांच्या यादीत आपलेच नाव येते.

पाठवणारा कोण हे सिद्ध करणे सगळ्यात अवघड. सिम दुसऱ्याच्या नावावर, खाते खोट्या नावाचे, किंवा जवळच्या अंतरावरून एअरड्रॉपसारख्या सोयीने पाठवलेले चित्र, ज्यात नंबरही उरत नाही. ‘फोन माझाच, पण त्या वेळी माझ्या हातात नव्हता’ हा बचाव तर ठरलेला. म्हणून वेळेला किंमत आहे. २०२१ च्या मध्यस्थ नियमांनुसार खाते बंद झाल्यावरही नोंदणीची माहिती कंपनीने १८० दिवस ठेवायची असते. पोलिसांचे पत्र त्याआधी गेले तर धागा सापडतो, नंतर तो निसटण्याची शक्यता वाढते. कायद्याची मुदत याहून लांब आहे. ३ वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्याची दखल न्यायालय ३ वर्षांपर्यंत घेऊ शकते. थोडक्यात, उशीर झाला म्हणून दार बंद होत नाही, पण पुरावा तेवढा थांबत नाही. याच नियमांनी नग्न चित्र ठरावीक मुदतीत (मूळ नियमांत २४ तासांत) हटवण्याची जबाबदारी कंपन्यांवर घातली, पण ती तरतूद तक्रारदाराचे स्वतःचे किंवा तिच्या चेहऱ्याने बनवलेले चित्र पसरले तर आहे. दुसऱ्याचे चित्र तिच्या पेटीत आले तर कंपनी फार तर पाठवणाऱ्याचे खाते बंद करते.

आता मूळ आक्षेपाकडे येतो, कारण तो न्यायालयाबाहेर जास्त ऐकू येतो: ब्लॉक करून मोकळे व्हावे, एवढ्यासाठी खटला कशाला? या युक्तिवादात एक व्यावहारिक शहाणपण आहे हे नाकारता येत नाही. प्रत्येकीने फिर्याद करावीच असा आग्रह कुणी धरू नये, कारण तारखांना जाण्याची किंमत तिलाच मोजायची असते. पण ब्लॉक केल्याने तिच्यापुरता एक नंबर बंद होतो, पाठवणाऱ्याचे काहीच बिघडत नाही. रस्त्यात अंगावरचे कपडे बाजूला करणाऱ्याला पकडू नका, तुम्हीच तोंड फिरवा, असे आपण कुणाला सांगत नाही. शिवाय बहुतेक तक्रारींत पाठवणारा सर्वस्वी अनोळखी नसतो. सोसायटीतला, कार्यालयातला, जुन्या ओळखीतला असतो, आणि तिने ते पाहिले आहे हे त्याला माहीत असते. ते माहीत असणे हाच त्याच्या कृत्याचा हेतू असतो. खटला टाळायचा असला तरी वकिलाची नोटीस, अंतर्गत समिती, ठाण्यात लेखी समज अशा मधल्या पायऱ्या आहेत. त्या चढण्यापूर्वी पुरावा जपला असला तर पुढचा निर्णय तिच्या हातात राहतो.

दुसरा आक्षेप गंभीर आहे: ती त्याच्याशी बोलत होती, मग मर्जी नव्हती कशावरून? आणि खोट्या फिर्यादींचे काय? मर्जीवर खटला उभा केला तर तिच्या प्रत्येक संदेशाची चिरफाड होईल, अशीही भीती त्यात आहे. माझे उत्तर असे, की ती चिरफाड अश्लीलतेच्या रस्त्यावरही होतेच, फक्त तिथे ती कायद्याला संबंध नसलेल्या बदनामीसाठी होते. मर्जीच्या रस्त्यावर प्रश्न नेमका करता येतो: या चित्राला या वेळी होकार होता का? गप्पा, हसण्याची चिन्हे, अगदी पूर्वीची जवळीकही त्या प्रश्नाचे आपोआप होकारार्थी उत्तर देत नाही. त्याच वेळी आरोपीलाही न्याय मिळतो. संमतीचा संदेश असेल तर तो नोंदीत असतो. म्हणून निवडक स्क्रीनशॉट न देता पूर्ण संवाद द्यावा असे मी नेहमी सुचवतो. अर्धवट संवाद उलटतपासणीत तक्रारदाराच्याच अंगावर येतो, आणि शंकेचा फायदा आरोपीला मिळणे हे फौजदारी कायद्याचे मूळ तत्त्व आहे.

अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या बाजूने येणारा आक्षेपही विचारात घ्यायला हवा. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे कलम ६६-अ संदिग्ध म्हणून २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल निकालात रद्द झाले, आणि ते व्हायलाच हवे होते. मग नव्या गुन्ह्यांची मागणी म्हणजे पुन्हा नीतिरक्षकांना मोकळे रान नव्हे का? मला नेमके उलट दिसते. ६७ आणि ६७-अ शब्दशः वाचले तर दोन सज्ञान व्यक्तींनी परस्परांच्या संमतीने पाठवलेले खासगी चित्रही प्रसारित करणेच ठरते, कारण तिथे संमतीची सूटच लिहिलेली नाही. अश्लीलतेची कसोटी राज्याला शयनगृहात शिरू देते. मर्जीची कसोटी त्याला उंबऱ्याबाहेर ठेवते आणि जिथे नकार मोडला तिथेच बोलावते. २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने खासगीपणाचा जो हक्क मान्य केला त्याच्याशी हीच कसोटी जुळते. बाहेरचे कायदेही तिकडे झुकत आहेत. सिंगापूरच्या दंडविधानात १ जानेवारी २०२० पासून संमतीशिवाय जननेंद्रियांचे चित्र पाठवणे हा स्त्री-पुरुष भेद न करणारा गुन्हा आहे आणि कमाल कैद १ वर्षाची आहे. टेक्सासने २०१९ मध्ये फक्त ५०० डॉलरपर्यंत दंड ठेवला. कॅलिफोर्नियाने २०२३ पासून दिवाणी भरपाईचा मार्ग दिला, १,५०० ते ३०,००० डॉलर. इंग्लंड आणि वेल्समध्ये ३१ जानेवारी २०२४ पासून हा गुन्हा आहे, पण तिथे पाठवणाऱ्याचा हेतू सिद्ध करावा लागतो, आणि ‘गंमत म्हणून पाठवले’ म्हणणारा निसटू शकतो अशी टीका त्यावर झाली आहे.

नोकरीच्या आणि शिक्षणाच्या ठिकाणी मर्जीचा रस्ता अधिक सरळ आहे, मात्र त्याची मुदत आखूड आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याखाली अंतर्गत समितीकडे तक्रार ३ महिन्यांत करावी लागते, सबळ कारण दाखवल्यास आणखी ३ महिने मिळू शकतात. १० पेक्षा कमी कर्मचारी असतील तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे, म्हणजे घरकामगार आणि छोट्या दुकानातली मुलगीही तिथे जाऊ शकते. समितीला चौकशी ९० दिवसांत संपवायची असते, तक्रारदाराचे नाव गुप्त ठेवायचे असते, आणि तक्रार सिद्ध झाली नाही एवढ्यावरून ती खोटी ठरवता येत नाही. कागदावर हे उत्तम आहे. पण गोव्यातल्या एका प्राध्यापकाच्या प्रकरणात मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला देशभरातल्या समित्या खरोखर नेमल्या आहेत का हे तपासण्याचे आदेश द्यावे लागले, यातून अंमलबजावणीची स्थिती कळते. मुलांच्या बाबतीत मर्जीचा प्रश्नच उद्‌भवत नाही. १८ वर्षांखालील मुलाला किंवा मुलीला लैंगिक हेतूने असे चित्र दाखवणे बाल लैंगिक अत्याचारविरोधी पॉक्सो कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे, आणि ते कळल्यावर पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे.

शिल्लक राहतो तो कायद्यातला खरा खड्डा. कलम ७५ आणि ७९ स्त्रीपुरतीच आहेत. पुरुषाला असे चित्र आले तर त्याला कलम ६७ कडे जावे लागते, म्हणजे पुन्हा अश्लीलतेच्या मोजपट्टीकडे. तृतीयपंथी व्यक्तींसाठी २०१९ च्या कायद्याचे कलम १८ आहे, पण त्याची कमाल शिक्षा २ वर्षे आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या नियमांनी विद्यार्थी कोणत्याही लिंगाचा असला तरी तक्रारीचा हक्क दिला आहे. फौजदारी कायदा अजून तिथवर आलेला नाही. माझ्या मते हवे ते कलम लहान असावे: संमतीशिवाय नग्न किंवा लैंगिक चित्र पाठवणे, पीडित कुणीही असो, शिक्षा माफक, सोबत भरपाई, आणि ठरलेल्या वेळात निकाल. असा वेळेत निकाल अशक्य नाही. २००४ मध्ये चेन्नईत कलम ६७ खालची देशातली पहिली मानली जाणारी शिक्षा तक्रारीपासून अवघ्या काही महिन्यांत झाली होती. पण नव्या कलमाची वाट न पाहता आजही एक बदल करता येतो, आणि त्याला विधिमंडळ लागत नाही. ठाण्यात फिर्याद घेणाऱ्याने फोटो उघडायच्या आधी विचारावे: हे तुम्ही मागितले होते का? त्याचे उत्तर फिर्यादीच्या पहिल्या परिच्छेदात लिहिले गेले, तर कलम, तपास आणि उलटतपासणी यांची दिशा तिथेच ठरते.